उरलेल्या पट्टीतली सायकल

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं. मुंबईत शिवडीला चढायचं आणि उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरायचं, अंतर २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. सेतूवर कोणी यायचं नाही, याची यादीही त्याच सुमारास निघाली. मोटारसायकल, मोपेड, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि एकूणच संथ वाहनं. सायकल अर्थातच बाहेर. सेतूचा एक फाटा जासईला उतरतो. त्या जासईच्या माणसाला आपल्या शिवारातून थेट मुंबईत जाणारा हा रस्ता वापरायचा, तर दारात मोटार हवी, नाहीतर बसची वाट बघायची.

ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या पुलावर मोटारींच्या ओळीत सायकल नको, हे कोणीही मान्य करील. पण कठड्याआड तिला वेगळी पट्टी का नको? सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजचा पूर्वेकडचा भाग २०१३मध्ये नव्याने बांधून खुला झाला, तेव्हा त्यावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग होता. आपल्याकडे या प्रश्नावर आंदोलन तर सोडाच, धड वादही झाला नाही. सायकल आणि मोठा रस्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय.

जासईला मोठ्या रस्त्यांचं अप्रूप नाही. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात गेली. जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांचं गाव. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ला दास्तान आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. पुढे १९८९मध्ये न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि उरण-पनवेल पट्ट्यातले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरनी भरून गेले. भाताची खाचरं आणि मिठागरं यांच्या मधून गावाला जाणारा रस्ता बघता बघता राष्ट्रीय महामार्ग झाला.

१९८४च्या मागण्यांत सायकलच्या वाटेचा विषय नव्हता आणि असण्याचं कारणही नव्हतं. त्या काळी गावातून कामावर, बाजाराला, शाळेला जाणारा माणूस सायकलवरच असे. रस्ता त्याचाच होता. जे आपलंच आहे ते कोणी मागून घेत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत सायकलच्या ट्रॅकचं जे काही झालं, त्याचं मूळ मला इथे दिसतं: सायकल चालवणारे भरपूर होते तेव्हा कोणी ट्रॅक मागितला नाही, बांधला नाही, आणि बांधायला घेतला तोवर ते रस्त्यावरून उठून गेले होते.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते पुण्यात.

सायकलला पुण्यात एकेकाळी सरकारदरबारी स्थान होतं, याचा पुरावा म्हणजे बिल्ला. नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेई आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा छोटा बिल्ला देई. तो सायकलला लावायचा. नसेल तर सायकल जप्त होण्याची धास्ती. रात्री दिवा हवा. आधी रॉकेलची बत्ती, मग डायनॅमो. चौकात हवालदाराने अडवलं तर ‘आत्ताच विझली साहेब, हात लावून बघा, काच अजून गरम आहे’ असं सांगून सुटका करून घेणाऱ्यांचे किस्से जुन्या पुणेकरांकडे अजूनही मिळतील. डबलसीट गुन्हा. दांडीवर मित्राला बसवून निघालेला कॉलेजकुमार चौक जवळ आला की त्याला उतरवणार, चौक ओलांडला की पुन्हा बसवणार. दंड भरायला पैसे नसतील तर पोलीस चाकातली हवा सोडून देई, आणि मग सायकल हातात धरून जवळचं पंक्चरचं दुकान गाठायचं.

आज हे सगळं गमतीचं वाटतं. मला त्यात दुसरंही काही दिसतं. ज्या वाहनावर कर आहे, ज्याच्यासाठी कायदा आहे, ज्याला अडवायला चौकात माणूस उभा आहे, ते वाहन व्यवस्थेच्या हिशेबात असतं. पुण्याची पालिका सायकलकडे त्रास म्हणून बघत असेल, उत्पन्न म्हणून बघत असेल, पण बघत होती. पुढे कर गेला, बिल्ला गेला, दिव्याची तपासणी गेली. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याबरोबर शहरात सायकली किती, त्या कोणत्या रस्त्याने किती वाजता जातात, हे बघणारी नजरही गेली.

आणि सायकली होत्या तरी किती! ताशी भाड्याने सायकल देणारी दुकानं पेठापेठांत होती. वहीत नाव आणि वेळ लिहायची, परत आणली की घड्याळ बघून पैसे द्यायचे. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थिनी, दूधवाले, पोस्टमन, भिक्षुकी करणारे, सगळे एकाच वाहनावर. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर पडे. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झालं, मागोमाग त्या पट्ट्यात एकेक कारखाना उभा राहिला, आणि पाळी बदलण्याच्या वेळी मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने सायकलस्वारांची रांग लागू लागली. पुणे हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं गेलं ते कोणा योजनेमुळे नाही. शहर आटोपशीर होतं, बरंचसं सपाट होतं, आणि पगार बेताचे होते.

ज्या पट्ट्यात कामगार सायकलने जात, तिथेच सायकलचा प्रतिस्पर्धी जन्माला आला, ही इतिहासाची खोड. आकुर्डीला बजाजचा कारखाना. त्यातून निघणाऱ्या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. स्कूटर मिळेपर्यंत सायकल, हा बेत घरोघर ठरलेला. पण सायकलला खरा धक्का स्कूटरने दिला नाही, लुनाने दिला. कायनेटिकने १९७२मध्ये आणलेल्या या गाडीला पेडल होते. पेडल मारून ती सुरू करायची, आणि पेट्रोल संपलं तर पेडल मारतच घरी यायचं. हलकी, स्वस्त, लायसन्स राजच्या लांबलचक रांगा टाळणारी. सायकलवाल्याला ती परकी वाटलीच नाही. आपल्याच सायकलला कोणीतरी इंजिन जोडून दिलंय, असं समजून त्याने ती घेतली. १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी आणि गिअर नसलेली. पुण्याच्या मुली सायकलवरून थेट तिच्यावर गेल्या. नव्वदच्या दशकात कर्ज सोपं झालं आणि उरलीसुरली कसर भरून निघाली.

जे सायकलवर राहिले, त्यांचा रस्ता मात्र बदलत गेला. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले. मोटारीला एकेरी रस्त्याचा वळसा म्हणजे दोन मिनिटं. सायकलवाल्याला तो म्हणजे मांड्या भरून येईपर्यंतची जादा रपेट. रस्ता रुंद केला की वेग वाढे. उड्डाणपूल बांधला की त्याच्या पायथ्याशी डाव्या बाजूने येणाऱ्या सायकलीला वाटच उरत नसे. सायकलवाला कोणी हाकलला नाही, त्याचा तो निघून गेला. २०१८मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेल्याची बातमी आली. शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास मानली जात होती.

ट्रॅक आले ते सायकली अशा ओसरल्यानंतरच्या पुण्यात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

डिसेंबर २००५मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय शहरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. पाठोपाठ २००६मध्ये राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं. रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करा, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलला जागा द्या, असं त्यात स्पष्ट होतं. दिल्लीहून पैसे हवे तर आराखड्यात सायकल ट्रॅक दिसलेला बरा, हे महापालिकांनी लगेच ओळखलं. पुण्याने डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला बीआरटी मार्ग प्रायोगिक म्हणून सुरू केला. मधोमध बसची मार्गिका, कडेला फुटपाथ, आणि त्यालगत सायकल ट्रॅक. कागदावर काहीही चूक नव्हती.

प्रत्यक्षातला ट्रॅक बघायचा तर सातारा रस्त्यावरचा घ्या. फुटपाथच्याच उंचीवर पेव्हर ब्लॉक टाकलेली पट्टी. ब्लॉक म्हटलं की सांधे आले, सांधे म्हटले की दर हातभर अंतरावर चाक थडथडणार. थोडं पुढे गेलं की मध्येच झाड. झाड तोडता येत नाही, म्हणून ट्रॅक त्याला वळसा घालणार, किंवा सरळ त्याच्या बुंध्याशी थांबणार. मग महावितरणचा डीपी. मग बसथांबा, आणि बसथांब्यावर उभी माणसं. मग एखाद्या मंगल कार्यालयाचं फाटक. तिथे ट्रॅक एकदम खाली उतरणार आणि पलीकडे पुन्हा चढणार. दुचाक्या घुसतात अशी तक्रार झाली म्हणून तोंडाशी खांब रोवले, तर त्यांच्यामधून सायकलचं हँडलही धड जाईना. चौकात, जिथे खरा धोका, तिथे ट्रॅक संपलेला. चौक ओलांडला की पुन्हा सुरू. शहाणा सायकलस्वार या पट्टीवर पाय न ठेवता खाली डांबरी रस्त्याच्या कडेने जाई, आणि मग लोक म्हणत, बघा, एवढा ट्रॅक बांधून दिला तरी हे लोक वापरत नाहीत.

हे कोणा एकाच्या नाकर्तेपणाने झालं नाही. रस्ता एका खात्याचा, झाडं दुसऱ्याची, दिव्याचे खांब तिसऱ्याचे, पावसाळी गटारं चौथ्याची, अतिक्रमण पाचव्याचं. ठेकेदाराचं बिल निघतं ते किती मीटर ब्लॉक बसवले यावर. त्या ब्लॉकवरून सायकल कात्रजहून स्वारगेटला न थांबता पोचते का, हे तपासून बिल थांबवणारा माणूस या साखळीत कुठेच नव्हता. ‘परिसर’सारख्या पुण्यातल्या संस्था हे वर्षानुवर्षं सांगत, मोजत, लिहीत राहिल्या. त्यांचं ऐकून घेतलं जाई. पुढचं टेंडर मागच्यासारखंच निघे.

याच वेळी स्पेनमध्ये सेव्हिलने काय केलं ते बघण्यासारखं आहे. सेव्हिल सायकलींचं शहर नव्हतं; उन्हाळाही कडक. तिथल्या पालिकेने २००६-०७मध्ये सुमारे ८० किलोमीटरचं सलग जाळं एका झपाट्यात बांधलं आणि २०१०पर्यंत ते १२० किलोमीटरवर नेलं. त्यासाठी मोटारी उभ्या करण्याच्या हजारो जागा काढल्या. सायकलने होणाऱ्या फेऱ्या नगण्य होत्या, त्या काही वर्षांत शंभरात सहा-सातपर्यंत गेल्या. सेव्हिलकडे पैसा होता, एवढ्यावर आपल्याला सुटता येणार नाही, कारण पुण्याकडेही त्या वर्षांत दिल्लीचा पैसा होता. सेव्हिलने जागा मोटारीकडून घेतली. पुण्याने ती फुटपाथमधून कापली, म्हणजे चालणाऱ्याकडून घेऊन सायकलवाल्याला दिली, आणि दोघांनाही ती पुरली नाही.

डिसेंबर २०१७मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आता सुटे तुकडे नकोत, सगळ्या शहराचं जाळं हवं, हे त्यात मान्य केलं होतं, आणि म्हणून तो आधीच्या सगळ्या कागदांहून चांगला होता. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या सायकली. त्याच महिन्यात औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे झूमकारच्या ‘पेडल’ सायकली आल्या. मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडतं. पुढच्या काही महिन्यांत ओफोच्या पिवळ्या, मोबाइकच्या नारिंगी, युलूच्या निळ्या सायकली शहरभर झाल्या. भाडं इतकं कमी, की ताशी भाड्याच्या जुन्या दुकानदाराने वही मिटून कपाळाला हात लावला असता.

नव्याचे नऊ दिवस झाले. कोणी सायकल घरात नेऊन ठेवली, कोणी जीपीएसचं यंत्र फोडलं, कोणी नदीत ढकलली. पुणेकरांच्या नागरी शिस्तीवर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. माझ्या मते त्यात अर्धीच गोष्ट आली. सायकली मोडणारे होतेच. पण ओफो आणि मोबाइक यांचा धंदा मुळात चीनमधल्या भांडवलाच्या भरतीवर तरंगत होता आणि भरती ओसरल्यावर त्या जगभरातून गेल्या. ओफोने २०१८च्या मध्यालाच भारतातून गाशा गुंडाळला. मोबाइकही टिकली नाही. युलू टिकली, पण हळूहळू बॅटरीवरच्या गाड्यांकडे वळली. शहरात हजारो सायकली आणून ओतल्या, तेव्हा त्या चालवायच्या कुठे, याचं उत्तर आराखड्यातच होतं. औंधमध्ये स्मार्ट सिटीने रस्त्याची नवी रचना करून पाहिली, फुटपाथ रुंद केले, सायकलला जागा दिली. पार्किंग गेलं म्हणून दुकानदार नाराज. कुठल्याही शहरातला कुठलाही सायकल ट्रॅक शेवटी इथे येऊन अडतो: एक उभी मोटार.

या सगळ्या वर्षांत महाराष्ट्रात सायकल चालवणारे कमी नव्हते, हेही सांगायला हवं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर. अमेरिका ओलांडणारे सायकलस्वार आपण तयार केले, आणि दहा वर्षांच्या मुलाला सायकलवरून शाळेत एकटं पाठवायची हिंमत शहरातल्या आईला उरली नाही. शनिवार-रविवार पहाटे हेल्मेट घालून निघणारा सायकलस्वार आणि रोज कामावर सायकलने जाणारा माणूस हे दोन वेगळे वर्ग झाले. महापालिकांच्या बैठकीला जो जातो, तो पहिला. दुसऱ्याची तेव्हा ड्युटी असते.

मुंबईने तर ट्रॅक पहिल्या वर्गासाठीच बांधले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, २०११मध्ये साडेसहा कोटी रुपये खर्चून १३ किलोमीटरचा ट्रॅक केला. काचेच्या इमारतींच्या कडेने, संकुलाच्या आतल्या आत. त्या संकुलात रोज लाखो माणसं येतात ती वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांतून, आणि स्टेशनापासून संकुलापर्यंतचा गर्दीचा, धोक्याचा टप्पा तसाच राहिला. सायकलची खरी गरज असलेला माणूस तिथे होता: डबेवाला. हँडलला, कॅरियरला डबे अडकवून तो रोज स्टेशनातून निघे, पण त्याच्या वाटेवर ट्रॅक नव्हता. ट्रॅकवर साहेबांच्या गाड्या उभ्या राहत आणि त्यांच्या सावलीत ड्रायव्हर मंडळी डुलकी काढत.

डिसेंबर २०१७पासून मरीन ड्राइव्हच्या बाजूने वरळीपर्यंत रविवारी सकाळी सायकलला एक मार्गिका मोकळी ठेवायला सुरुवात झाली. रविवार सकाळ! नोकरीला जाणारा कोणीही त्या वेळी झोपलेला असतो. त्याच वर्षी तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग जाहीर झाला, मुलुंडपासून धारावीपर्यंत आणि घाटकोपरहून सायनपर्यंत. मुंबईत सलग जागा मिळणं अशक्य, म्हणून ही कल्पना अनेकांना भावली. पण ती जागा मोकळी झालेली होती झोपड्या हटवून. जलवाहिन्यांच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंचे दहा मीटर रिकामे करण्याचा न्यायालयाचा आदेश होता, आणि तिथली हजारो कुटुंबं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवली गेली. तिथल्या हवेने माणसं आजारी पडू लागली. लढत लढत प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९मध्ये माहुलला जायला नकार देणाऱ्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश झाला. हटवलेल्या या वस्तीतून रोज सायकलने कामाला जाणारे किती होते, हे त्या ट्रॅकचा नकाशा काढताना कोणी मोजलं असेल असं वाटत नाही.

पवई तलावाभोवतीच्या ट्रॅकची गोष्ट थोडक्यात सांगतो. महापालिकेने काठावर भराव घालून सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक सुरू केला. पाणथळ जागेचे नियम मोडले म्हणून उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ला तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. निकाल योग्यच होता. सायकलवाल्याला रस्त्यावर जागा द्यायची नाही, म्हणून तळ्यात द्यायची, हा कुठला न्याय?

आणि २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं वर्तुळ पूर्ण झालं. वाहतूक कोंडी होते म्हणून सायकल ट्रॅक काढून मोटारींच्या मार्गिका वाढवण्याचं काम एमएमआरडीएने हाती घेतलं. त्यातला सुमारे दहा किलोमीटरचा ट्रॅक काढून रस्ता रुंद करण्याचा खर्च २५ कोटींच्या घरात. साडेसहा कोटींना जे बांधलं होतं ते.

खाडीच्या अलीकडे, जासईच्या बाजूला, चित्र निराळं असायला हवं होतं. नवी मुंबई म्हणजे कोऱ्या कागदावर आखलेलं शहर. रुंद रस्ते, सेक्टर, स्टेशन मध्यावर. घर ते स्टेशन हे अंतर बहुतेक ठिकाणी सायकलने दहा-पंधरा मिनिटांचं. पण ज्या वर्षांत हे शहर आखलं गेलं, तेव्हा सायकल ही गरिबीची खूण मानली जात होती, आणि नवं शहर गरिबीसाठी कोण आखतो? महापालिकेने २०१८मध्ये युलूच्या सायकली आणल्या, वाशी, नेरुळ, बेलापूरमध्ये स्टँड झाले. पामबीच मार्गाच्या कडेने ट्रॅकची कामं निघाली. पामबीचवर पहाटे सायकलस्वारांचे थवे निघतात, मोटारीही तिथे वेगाचीच हौस भागवायला येतात. २८ फेब्रुवारी २०२४च्या पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी, ३८६, ४८६ आणि पेंटियम या चिपवर काम केलेले अभियंते, नेरुळजवळ पामबीचवर सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने गेले. अटल सेतू सुरू होऊन दीड महिना झाला होता. मोठं नाव असल्याने बातमी देशभर गेली. उरण-पनवेल रस्त्यावर ट्रेलरखाली जाणाऱ्याची बातमी स्थानिक पानावर चार ओळींत संपते.

जासईच्या रस्त्यावर दिवसातल्या कोणत्याही वेळी उभं राहा. बंदराकडे जाणारे, बंदराकडून येणारे, गोदामांच्या फाटकाशी खोळंबलेले ट्रेलर. सर्व्हिस रोड ही गावच्या माणसाची एकमेव वाट, आणि तीच ट्रेलरची पार्किंगची जागा. पावसाळ्यात कडेचा मुरूम खचतो, रात्री उभ्या ट्रेलरला मागचा लाल दिवा नसतो. सायकलने जाणारे अजून आहेत: गोदामातले पहारेकरी, बाहेरच्या राज्यांतून आलेले मजूर, काही शाळकरी पोरं. त्यांना कोणी सायकलस्वार म्हणत नाही. अटल सेतूच्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. आजूबाजूच्या गावांतून स्टेशन गाठायला सायकल हे सगळ्यात स्वस्त साधन, पण गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये हाच रस्ता.

जासईच्या पलीकडे आता आणखी एक शहर आखलं जातंय. कर्नाळा, साई आणि चिरनेर यांच्या नावाने, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं आणि ३२३ चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र. एमएमआरडीएला त्याचं नवनगर विकास प्राधिकरण नेमलंय, म्हणजे वांद्रे-कुर्ल्याचा ट्रॅक बांधणारी आणि काढणारी तीच संस्था. लोक याला तिसरी मुंबई म्हणू लागलेत. गावागावांत विरोध आहे, हरकती दाखल झाल्या आहेत, आणि त्या जमिनीच्या, भावाच्या, गावठाणाच्या हद्दीच्या आहेत. १९८४ ज्यांनी पाहिलंय त्यांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं, आणि ते बरोबरही आहे. रस्त्याची रुंदी मात्र याच टप्प्यावर ठरते. रस्त्याच्या छेदाचं एक चित्र काढतात: मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना मार्गिका, मग गटार, मग फुटपाथ, प्रत्येकाखाली मीटरचा आकडा. सायकलची पट्टी त्या चित्रात पहिल्या दिवशी आली तर तिला आकडा मिळतो. नंतर आली तर फुटपाथच्या आकड्यातून वजा होते.